वालाच्या शेतांतील ढालकिडा

ठाणें जिल्ह्यांत भाताची कापणी उरकली, खळीं आटोपलीं, तरी शेत रिकामें पडत नाहीं. पावसाळ्याची ओल जमिनींत अजून शिल्लक असते. त्या ओलीच्या भरंवशावर कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूचा शेतकरी वाल पेरतो. ह्या पिकास पाट नको, मोट नको, खताचा फारसा खर्चहि नको. रात्रीं दंव पडतें, ओल टिकते, आणि माघ-फाल्गुनांत शेंगा भरतात. ज्या वालाचें बिरडें ठाण्याच्या प्रभु घराण्यांत पाहुण्यांच्या पानांत सन्मानानें वाढलें जातें, आणि जो इतर घरांत डाळिंब्यांची उसळ म्हणून आवडीनें खाल्ला जातो, त्याच्या जन्माचें वृत्त हें एवढेंच. परंतु ह्या वृत्तांत एक पात्र असें आहे कीं, तें शेताच्या जमाखर्चांत कधीं मांडलें गेलें नाहीं, आणि शेतीच्या इतिहासांतहि त्याच्या वांट्यास एखाददुसऱ्या ओळीपलीकडे कांहीं आलें नाहीं. त्या पात्राची ओळख करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पौषांत आकाश दोनचार दिवस अभ्रांनीं झांकलें कीं शेतकऱ्याच्या कपाळास आठी पडते. अशा मळभाच्या हवेंत वालाचे कोंवळे शेंडे व फुलांचे तुरे मोहरीच्या दाण्याहूनहि लहान अशा काळ्या किड्यांनीं भरून जातात. हाच मावा. तो सोंड खुपसून झाडाचा रस शोषितो, अंगावाटे मधासारखा चिकट द्रव टाकतो, त्या द्रवावर काजळीसारखी बुरशी चढते, आणि फूल गळतें. माव्याचें खरें सामर्थ्य त्याच्या जननांत आहे. आपल्या उष्ण प्रदेशांत त्याच्या मादीस नराची गरज लागत नाहीं. ती अंडीं न घालतां जिवंत पिल्लेंच प्रसवते, आणि आठदहा दिवसांत तीं पिल्लें स्वतः प्रसवूं लागतात. एका मादीस पन्नास पिल्लें धरलीं तर महिन्याअखेर तिचा परिवार लाखाच्या वर जातो. मग प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, हा शत्रु दरवर्षीं सगळें पीक फस्त कां करीत नाहीं? शेतकरी पहाटे दंवावर चुलींतली राख उधळतो, क्वचित् तंबाखूचें पाणी शिंपडतो. ह्या उपायांनीं शेंडे कांहींसे मोकळे होतात खरे. पण लाखांच्या हिशेबाशीं मूठभर राखेची झुंज कशी पुरावी?

उत्तर त्याच झाडावर बसलेलें असतें. मसुरीच्या दाण्याएवढा, पाठीनें फुगीर व पोटानें सपाट, पिवळ्या-नारिंगी रंगाचा आणि पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला एक भुंगेरा शेंड्यावर सावकाश फिरत असतो. मराठींतील कृषिविषयक लेखनांत ह्याच्या कुळास ढालकिडा म्हणतात, आणि पाठीचा आकार पाहतां तें नांव अन्वर्थक आहे. तो सावकाश फिरतो तें फुलांच्या शोभेसाठीं नव्हे. एकेक मावा जबड्यांत धरून तो खात असतो. भूक व हवा अनुकूल असली म्हणजे दिवसाकांठीं चाळीसपन्नास मावे त्याच्या पोटांत जातात. मादी आपलीं पिवळीं, लांबट अंडीं पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्यानें, एकास एक लागून, उभीं लावते. आणि ती जागा बहुधा माव्याच्या वस्तीलगतचीच असते. अंड्यांतून निघणारी अळी आईबापांसारखी मुळींच दिसत नाहीं. ती काळसर, कांटेरी, सहा पायांवर धांवणारी, सुसरीच्या पिल्लाच्या घाटाची असते. तिची भूक तर प्रौढाच्या भुकेस लाजवील अशी. चार वेळां कात टाकून ती पानास चिकटून कोषांत जाते, आणि अंडें घातल्यापासून सुमारें दोनतीन आठवड्यांत नवा भुंगेरा बाहेर पडतो.

ह्या किड्यास साधुपुरुष समजण्याचें मात्र कारण नाहीं. अगोदर फुटलेल्या अळ्या शेजारचीं न फुटलेलीं अंडीं, म्हणजे आपलींच सख्खीं भावंडें, खाऊन टाकतात. मावा संपला कीं मोठ्या अळ्या लहानांवर तुटून पडतात. मुंगळ्यांशीं त्याचें हाडवैर असतें, कारण माव्याच्या मधुर द्रवाच्या लोभानें मुंगळे माव्याची राखण करितात व भुंगेऱ्यास चावून हांकलून देतात. भुंगेऱ्यास चिमटींत धरलें तर गुडघ्यांच्या सांध्यांतून पिवळा, कडू, उग्र वासाचा रस सुटतो. एकदां तो चाखलेला पक्षी पुन्हा त्या भडक रंगाच्या वाटेस जात नाहीं. शेतकऱ्यावर उपकार करावा असा त्याचा उद्देश नाहीं. त्यास मावा हवा असतो, आणि आपल्यास वाल हवा असतो, एवढाच हा स्नेहसंबंध.

ह्या भुंगेऱ्याचें शास्त्रीय नामकरण इ. स. १७८१ मध्यें झालें. थोर लिनियसचा शिष्य, डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस, हा त्या वेळीं कील येथील विद्यापीठांत अध्यापक होता. त्यानें ह्यास 'षड्बिंदु' ह्या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. आजच्या ग्रंथांत तो 'चायलोमेनिस सेक्समॅक्युलॅटा' म्हणून व जुन्या ग्रंथांत 'मेनोकायलस' म्हणून सांपडतो. पाठीवर ठिपक्यांपेक्षां रेघाच ठळक असतां हें नांव कां पडलें, ह्याचें आश्चर्य वाटतें. परंतु नामकरण करणाऱ्याच्या हातीं पडलेल्या एखाददुसऱ्या नमुन्यावरून पुढील सर्व पिढ्यांचीं नांवें ठरतात, हें माणसांच्या इतिहासांतहि घडतें. त्या सालाकडे दुसऱ्या दृष्टीनेंहि पाहण्यासारखें आहे. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. १७८० मध्यें कल्याण त्यांच्या हातीं गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस वसई पडली आणि दुगाडच्या लढाईंत रामचंद्र गणेश धारातीर्थीं पडले. ज्या मुलखासाठीं हीं रणें माजलीं, त्याच मुलखाच्या शेतांत वावरणाऱ्या एका किड्यास दूर कील येथें बसून एक अध्यापक नांव देत होता! सालबाईच्या तहांत साष्टी इंग्रजांकडे राहिली, त्याची चर्चा आपण शाळेंत केलेली असते. पण त्या वर्षींच्या वालाचें काय झालें, हें बखरकारानें लिहिलें नाहीं व कंपनीच्या अधिकाऱ्यानेंहि विचारलें नाहीं.

युरोपांत ढालकिड्याच्या भाग्यास अधिक मान आला. इंग्रजी नांवांतली 'लेडी' म्हणजे ख्रिस्तमाता मेरी. जर्मनहि त्यास मेरीचाच भुंगेरा म्हणतात. तेथील सामान्य सप्तबिंदु जातीच्या सात ठिपक्यांत त्या मातेचीं सात दुःखें भाविकांस दिसत. परंतु ढालकिड्याचें नांव शेतकी-खात्यांच्या दफ्तरांत कायमचें कोरलें गेलें तें भक्तीमुळें नव्हे, तर संत्र्यांमुळें.

कॅलिफोर्नियांत १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील एक खवले कीड बाभळीच्या रोपांबरोबर येऊन पोंचली. कापसाच्या गादीसारखी पांढरी पिशवी पाठीवर वागविणारी ही कीड वीस वर्षांच्या आंत संत्र्या-लिंबांच्या बागांत इतकी माजली कीं, बागाईतदार झाडें उपटून जाळूं लागले. सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचा तर्क असा कीं, जी कीड आपल्या जन्मभूमींत उपद्रव करीत नाहीं, तिचा कोणी तरी वैरी तेथें असलाच पाहिजे. परदेशप्रवासाच्या खर्चास अमेरिकेच्या विधिमंडळानें बंदी केलेली होती. म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाचें निमित्त करून आल्बर्ट कोबेले नांवाचा मनुष्य १८८८ मध्यें ऑस्ट्रेलियास पाठविला गेला. त्यानें ॲडलेडहून लहानसे लाल-काळे ढालकिडे पाठविले. लॉस एंजेलिसच्या वुल्फस्किल बागेंत एका झाडावर कापडाचा तंबू ताणून त्यांत १२९ किडे सोडले. १८८९ च्या एप्रिलांत तंबू उघडला तेव्हां तें झाड स्वच्छ झालेलें होतें. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत कॅलिफोर्नियांतील ही कीड जवळजवळ नामशेष झाली. लॉस एंजेलिस परगण्यांतून संत्र्यांच्या ७०० वाघिणी जात होत्या, त्या वर्षभरांत २००० झाल्या. कृतज्ञ बागाईतदारांनीं कोबेलेला सोन्याचें घड्याळ व त्याच्या पत्नीस हिऱ्यांचीं कर्णभूषणें दिलीं.

ही कथा जगभर पसरली, आणि तिनें शेतकीच्या इतिहासास एक विशिष्ट वळण लावलें. किडीवर कीड सोडावयाची म्हणजे ती बाहेरून, जहाजावर, पेटींतून आलेली असली पाहिजे, अशी समजूत रूढ झाली. हिंदुस्थानांतहि १८९८ मध्यें ऑस्ट्रेलियाहून 'क्रिप्टोलीमस' हा ढालकिडा दक्षिणेंतील कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठीं आणला गेला. कॉफीवर त्याचा प्रभाव पडला नाहीं. पण तो येथेंच स्थायिक झाला आणि पुढें पिठ्या ढेकणाचा काळ म्हणून प्रसिद्धि पावला. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांस तो आज ठाऊक आहे व विकतहि मिळतो. गंमत अशी कीं, त्याची अळी अंगावर पांढरा मेणाचा लोकरीसारखा थर घेऊन फिरते, त्यामुळें ती हुबेहुब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते, आणि अजाण मनुष्य आपल्या मित्रासच चिरडून टाकतो.

आपल्या देशी भुंगेऱ्यांची शास्त्रशुद्ध दखल सरकारी रीतीनें घेतली जाण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय १९०३ मध्यें सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून येथें आले, आणि पुढें बिहारांतील पुसा येथील संशोधनसंस्थेंत त्यांनीं आपलें कार्य केलें. पिकांवरील किडींवर १९०६ मध्यें व एकंदर कीटकसृष्टीवर १९०९ मध्यें त्यांनीं लिहिलेले ग्रंथ आजहि चाळण्यासारखे आहेत. शेतांतील ढालकिडे कोणते, ते काय खातात, हें त्यांच्या ग्रंथांत व्यवस्थित आलें आहे. ह्याच लेफ्रॉय यांचा अंत मात्र विचार करावयास लावणारा झाला. विलायतेस परतल्यावर ते किडे मारणाऱ्या विषारी वायूंचे प्रयोग करूं लागले, आणि १९२५ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें अशाच एका प्रयोगांत वायूनें गुदमरून मरण पावले. ज्यानें किड्यांच्या शत्रु-मित्रांची वही नीट लिहिली, तोच शेवटीं विषाच्या मार्गास लागला. आणि त्याच्यामागून सगळें जग त्या मार्गानें गेलें.

तत्पूर्वीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण बाहेरचे किडे आणीत असतां आपले किडे बाहेर जात होते. फाब्रिसियसनेंच १७९८ मध्यें ज्याचें नामकरण केलें तो तकतकीत काळा देशी ढालकिडा, 'कायलोकोरस निग्रिटा', हा माव्यापेक्षां खवले किडीवर अधिक जगतो. सेशेल्स बेटांतील नारळीच्या बागा खवले किडीनें खंगूं लागल्या तेव्हां १९३८ च्या सुमारास हा भारतांतून तेथें नेण्यांत आला, आणि नारळी वांचल्या. पाठोपाठ तो मॉरिशसमध्यें गेला. दक्षिण आफ्रिकेच्या संत्राबागांतहि आज तो वसलेला असून तेथें त्याची उपयुक्त किड्यांत गणना होते. समुद्रापलीकडे ज्याच्या कर्तबगारीवर शास्त्रीय निबंध लिहिले गेले, तो आपल्याकडे मात्र झाडावरचा एक काळा ठिपका राहिला.

परंतु देशी किड्याच्या ह्या दिग्विजयास दुसरी बाजूहि आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सप्तबिंदु ढालकिडा युरोपाप्रमाणेंच उत्तर हिंदुस्थानांतहि मोहरी-गव्हाच्या शेतांत राबतो. अमेरिकेच्या कृषिखात्यानें १९५६ पासून पुढें अनेक वर्षें तो आपल्या देशांत सोडून पाहिला. १९७३ मध्यें तो न्यू जर्सींत स्थिरावलेला आढळला, आणि मग सर्व खंडभर पसरला. त्याच्या पसरण्याबरोबर तेथील मूळचा नवबिंदु ढालकिडा दिसेनासा होऊं लागला. १९८९ मध्यें न्यूयॉर्कनें ह्याच नवबिंदूस राज्यकीटकाचा मान दिला. पण मान मिळाला तेव्हां तो आपल्या राज्यांत शोधूनहि सांपडत नव्हता. देशी हा शब्द जागेपरत्वें अर्थ बदलतो. येथला रखवालदार तेथें बेदखल करणारा ठरला.

आतां विषाकडे वळूं. डीडीटीचा कीटकघातक गुण १९३९ मध्यें स्वित्झर्लंडांत पॉल म्यूलर यांनीं दाखविला व १९४८ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मलेरियावरील ह्या औषधाचे उपकार नाकबूल करण्याचें कारण नाहीं. परंतु तेंच औषध कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांत पडलें तेव्हां, १९४६-४७ च्या सुमारास, साठ वर्षें दबून राहिलेली ती पांढरी खवले कीड पुन्हा उसळून वर आली. कारण औषधानें कीड मेली नाहीं, कोबेलेचे ढालकिडे मेले. हा धडा मिळाला असतांहि आपल्याकडे १९५२ मध्यें कलकत्त्याजवळ बीएचसीचा कारखाना निघाला, आणि पुढील तीनचार दशकांत ती पांढरी भुकटी खेडोपाडीं पोंचली. डीडीटीच्या शेतीवापरास आपल्याकडे १९८९ मध्यें बंदी झाली, बीएचसीस १९९७ मध्यें, एंडोसल्फानास २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें.

विष सर्वांस सारखेंच मारतें असें मानलें तरी त्याचा परिणाम सारखा होत नाहीं, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. फवारणींतून पानाच्या सांदींत शंभरांत पांच मावे वांचले, तर ते नराची वाट न पाहतां आठवड्यांत पुन्हा वस्ती उभारतात. शंभरांत पांच ढालकिडे वांचले, तर त्यांस जोडीदार शोधावा लागतो, अंडीं घालण्यापुरती वस्ती सांपडावी लागते, आणि तोंपर्यंत खावयास कांहीं उरलेलें नसतें. तेव्हां ते उडून जातात किंवा मरतात. त्यामुळें पहिल्या फवारणीनंतर दुसरी करावी लागते, दुसरीनंतर तिसरी. शेतकरी म्हणतो, औषधाचा गुण गेला. खरें पाहतां त्याचा बिनपगारी नोकर गेलेला असतो, आणि त्याच्या जागीं त्यानें पगारी नोकर ठेवलेला असतो.

ह्या दृष्टीनें महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासांत २००२ साल लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत उंसावर लोकरी मावा प्रगट झाला. ईशान्येकडील प्रांतांत तो पूर्वींपासून ठाऊक होता. येथें तो नवा होता. पानांच्या खालची बाजू कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढरी होऊं लागली, आणि पाहतां पाहतां कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर या जिल्ह्यांत व कर्नाटकांत तो पसरला. आरंभीं सर्वांचा हात औषधाकडे गेला. परंतु डोक्यावरून वाढलेल्या उंसांत फवारणारा मनुष्य शिरणार कसा? ह्या अडचणीनेंच शेतकऱ्यास वांचविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. 'कोनोबाथ्रा' ह्या पतंगाची अळी, 'मायक्रोमस' हा जाळीदार पंखांचा कीटक, माशांच्या कांहीं जाति आणि ढालकिडे, हे सर्व परभक्षक शेतांतच निपजलेले आढळले. ज्या उंसांत अळ्या झाल्या होत्या तेथलीं पानें कापून दुसऱ्या शेतांत नेऊन बांधण्याचा प्रघात पडला. आणि कांहीं हंगामांतच लोकरी माव्याचा जोर ओसरला. ह्या लढाईंत मुख्य शौर्य कोनोबाथ्राचें व मायक्रोमसचें, ढालकिड्यांचें दुय्यम, हें मान्य केलें पाहिजे. पण कोणासहि जहाजावरून आणावें लागलें नव्हतें.

ओळख पटणें हीच खरी अडचण आहे. ढालकिड्यांच्याच कुळांत अठ्ठावीस ठिपक्यांचा एक भाऊबंद आहे, ज्याचें नांव फाब्रिसियसनें १७७५ मध्येंच ठेवलें. तो मांसाहारी नव्हे. वांग्याच्या पानांचा हिरवा गर खरवडून त्यांची जाळी करून टाकतो. त्याच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळें रंग निस्तेज दिसतो. माव्यावर जगणाऱ्या ह्या इतर जातींची पाठ तुकतुकीत असते. त्याची अळी पिवळी व अंगभर फांद्या फुटलेल्या कांट्यांची. षड्बिंदूची काळसर व चपळ. एवढी खूण ज्यास कळली त्याच्या हातून निरपराध्याचा बळी जाणार नाहीं. ही खूण शाळेच्या पुस्तकांतून मुलांस शिकविली, तर राजेरजवाड्यांच्या वंशावळींतील एकदोन नांवें कमी झालीं तरी चालतील असें आम्हांस वाटतें.

आतां ज्या शेतांपासून आरंभ केला तीं शेतें कोठें आहेत? डोंबिवलींत १९६४ च्या सुमारास औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले. १९८३ मध्यें कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. आणि जेथें दंवावर वाल पिकत होता तेथें आज सातसात मजल्यांच्या व त्याहूनहि उंच इमारती उभ्या आहेत. मुरबाड-शहापुराकडे वाल अजून होतो. शहरालगत मात्र तो बांधापुरता, कोठें कोठें परसापुरता उरला आहे.

तरी षड्बिंदु गेलेला नाहीं. लोहमार्गाच्या भरावावर, पडीक भूखंडांवर, गटारांच्या कांठीं रुई आपोआप उगवते, आणि रुईच्या शेंड्यांवर हिवाळ्यांत हळदीसारख्या पिवळ्या रंगाचा मावा येतो. तोच मावा बंगल्यांच्या आवारांतल्या कण्हेरीवरहि असतो. रुईचा रस विषारी, त्यामुळें हा मावाहि कांहींसा विषारी. षड्बिंदूस तो वालावरील माव्याइतका मानवत नाहीं, पण अडीअडचणीस चालतो. सकाळच्या गर्दींत ठाण्याची गाडी धरण्यासाठीं लोक ज्या रुईवरून नजर न टाकतां जातात, तिच्या पानाखालीं पिवळ्या अंड्यांचा पुंजका उभा असतो, आणि गॅलरींतल्या कुंडींत कोणी मेथी किंवा वालाचा एखादा वेल लावला, तर पहिला मावा दिसल्यावर बहुधा आठवड्याच्या आंत तो नागमोडी रेघांचा भुंगेरा तेथें येऊन बसतो.